पदवीचे गुण आणि चिकित्सेचा अधिकार

सोलापुरातून बी.ए.एम.एस. होऊन कॅनडास स्थायिक होऊ इच्छिणाऱ्या वैद्यबंधूंनी एक भेद ध्यानी घ्यावा. तेथील संघीय कुशल कामगार योजनेत २०१३ पासून परदेशी पदवीचे समकक्षता-मूल्यांकन आवश्यक आहे. त्याचा अहवाल पाच वर्षे ग्राह्य असतो. पदवी तेथील स्नातक पदवीशी समकक्ष ठरल्यास जोडीदाराविना अर्ज करणाऱ्यास १२०० पैकी १२० गुण मिळतात, पदव्युत्तर समकक्षतेस १३५. परंतु हे गुण केवळ वास्तव्याचे द्वार उघडतात. चिकित्सेचा परवाना प्रांतिक परिषदा देतात आणि त्या आपली साडेपाच वर्षांची पदवी एम.बी.बी.एस.प्रमाणे वैद्यकीय पदवी म्हणून स्वीकारत नाहीत. सबब तेथे चरितार्थ कशावर चालवावयाचा, याचा निर्णय प्रस्थानापूर्वीच करणे श्रेयस्कर होय.