इंदापुरात पाऊस नाही, तरी उजनी भरते कशी? विज्ञान-भूगोलाचे सहा प्रश्न, उत्तरे आपल्याच शिवारात

जुलैअखेर इंदापूर तालुक्यात अनेकदा एक विचित्र चित्र दिसते. शेतात मका पावसाअभावी माना टाकतो आणि काही किलोमीटरवर उजनीचे पाणी रोज वर चढत असते. पर्जन्यछाया, पाणलोट, मृतसाठा हे शब्द विद्यार्थी गुणांसाठी पाठ करतात. बारामती-इंदापुरात मात्र ऊस लावायचा की नाही, हे याच शब्दांवर ठरते. उजळणीसाठी हे सहा प्रश्न.

ढग येतात, मग पाऊस का पडत नाही?

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर पाऊस पाडतात. डोंगर ओलांडून खाली उतरताना हवा दाबली जाते, तापते आणि ढग विरू लागतात. हीच पर्जन्यछाया. महाबळेश्वरला वर्षाला ५ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. तिथून सरळ रेषेत जेमतेम १०० किलोमीटरवरच्या बारामतीत तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. इथला मोठा भरवसा सप्टेंबरच्या पावसावर.

मग उजनीत पाणी कुठून येते?

धरण गावच्या पावसावर नाही, पाणलोट क्षेत्रातल्या पावसावर भरते. भीमा भीमाशंकरला उगम पावते. इंद्रायणी, मुळा-मुठा आणि घोड या नद्या तिला मिळतात. खडकवासला, पवना ही धरणे भरून पाणी सोडले की ते दौंडमार्गे उजनीत येते. म्हणूनच सगळ्यांचे लक्ष ‘दौंडचा विसर्ग किती?’ याकडे असते. पुण्याचे सांडपाणीही याच वाटेने येते, हे विसरून चालत नाही.

बारामतीची गोष्ट वेगळी. १८८५ मध्ये सुरू झालेला नीरा डावा कालवा नीरा खोऱ्यातले पाणी आणतो. नीरा भीमेला मिळते ती नीरा नरसिंहपूरला, म्हणजे उजनीच्या खाली. त्यामुळे नीरेचा पूर उजनी भरत नाही.

धरण ‘उणे’ कसे होते?

उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३१ कोटी लिटर. यातले सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा आणि उरलेले जवळपास ५४ टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्यावर काढतात. तो संपून मृतसाठ्याला हात लागला की आकडा शून्याखाली जातो. उणे ५० टक्के म्हणजे मृतसाठ्यातले सुमारे २७ टीएमसी संपले, ३६ टीएमसीच्या आसपास उरले. २०२४ च्या उन्हाळ्यात आकडा याच्याही खाली गेला होता. पाणी इतके उतरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते.

एकाच्या बोअरला पाणी, शेजारचे कोरडे. का?

आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो तयार झाला. हा काळा पाषाण वाळूसारखे पाणी धरत नाही. पाणी मुरते ते मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत. बोअर भेगेला लागली तर पाणी, नाही तर नुसती धूळ. खोल जावे तशा भेगा साधारणपणे कमी होतात. त्यामुळे शेजाऱ्यापेक्षा १०० फूट जास्त खोल गेल्याने पाणी लागेलच असे नाही.

जास्त पाण्याने जमीन नापीक कशी होते?

काळ्या मातीतून पाण्याचा निचरा हळू होतो. पाटाने भरमसाट पाणी दिले की भूजल वर येते. उन्हाने पाणी उडून जाते, त्यातले क्षार मात्र वरच राहतात. पांढरा थर दिसू लागला की जमीन क्षारपड होत आहे असे समजावे. चर काढून निचरा करणे आणि मोजून पाणी देणे हे उपाय. दुष्काळ, क्षार, उष्णता अशा ताणांवर माळेगावची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था काम करते.

सावली खरेच गायब होते?

हो. पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.५ अंश कललेला आहे, त्यामुळे कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यान सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. बारामती-इंदापूर साधारण १८.१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने हा दिवस मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या अखेरीस येतो. जुलैत ढग असतात, म्हणून प्रयोग मे महिन्यात करावा. सपाट जागी सरळ काठी उभी करून दुपारी साडेबाराच्या सुमारास पाहावे. बारा वाजता का नाही? भारताची वेळ ८२.५ अंश रेखांशावरून ठरते. बारामती त्याच्या सुमारे आठ अंश पश्चिमेला आहे आणि प्रत्येक अंशाला चार मिनिटे उशीर होतो.

डोक्यावरच्या याच सूर्याने जमीन तापते, हवेचा दाब कमी होतो आणि समुद्रावरचे वारे आत ओढले जातात. ते सह्याद्रीला येऊन धडकले, की पुन्हा पहिला प्रश्न सुरू होतो.