चंद्रराव गेले, देशमुख उरले

सतराव्या शतकात महाड-पोलादपूरच्या डोंगरांवर जावळीच्या मोऱ्यांचा अंमल होता आणि त्यांच्या मुख्याला म्हणत चंद्रराव. हे बारशाचे नाव नव्हे. विजापूरच्या दरबाराने दिलेला हा किताब जावळीच्या गादीला चिकटलेला होता. दौलतराव मोरे निपुत्रिक वारल्यावर शिवथरच्या मोऱ्यांकडून दत्तक आणला गेला. गादीवर बसताच तो चंद्रराव झाला. त्याचे भाऊबंद मात्र मोरेच राहिले. जानेवारी १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, पुढे काही महिन्यांत रायरीही, म्हणजे आजचा रायगड. गादी बुडाली, तसा किताबही बुडाला. मोरे हे आडनाव मात्र महाड आणि पोलादपूर या दोन्ही तालुक्यांत आजही आहे.

याच मोऱ्यांच्या चाकरीत मुरारबाजी होते. गाव महाडजवळचे किंजळोली, जात प्रभू, आडनाव देशपांडे. जावळी पडल्यावर ते महाराजांकडे आले आणि १६६५ मध्ये पुरंदरावर मुघल सरदार दिलेरखानाशी लढताना पडले. मालक बदलला तरी देशपांडे हे नाव टिकले. कारण देशपांडेपण हे वतन होते. परगण्याचा कारभार पाहायचा देशमुखाने, हिशेब लिहायचा देशपांड्याने. गावात हीच कामे पाटील-कुलकर्ण्यांची. मोबदला म्हणजे इनाम जमीन, वसुलीतला हक्क आणि मानपान. वतन वंशपरंपरेचे आणि भावाभावांत तक्षिमा, म्हणजे वाटे, पडणारे. वाटा मिळालेला प्रत्येक भाऊ तेच नाव लावी, कारण उद्या हक्क सांगायचा तर नावच पुरावा.

फरक इथेच आहे. एकट्याला मिळालेला किताब आडनाव होत नाही. महाराजांनी कुडतोजी गुजरांना प्रतापराव केले, हंसाजी मोहित्यांना हंबीरराव. पुढच्या पिढ्यांत ही मुलांची नावे झाली. आडनावे गुजर आणि मोहितेच राहिली. ओडिशातले पट्टनायक, महापात्र हेही मुळात राजसेवेतले मान. पण ते घराण्यात उतरले, म्हणून आडनावे झाले.

असेच वतनी आडनाव घेऊन महाड तालुक्यातल्या नाते गावी १८९६ साली चिंतामणराव देशमुख जन्मले. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री. नेमक्या त्याच १९५० सालच्या मुंबई राज्याच्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने नाहीशी झाली. वसुलीतला हक्क संपला, कचेरीतला मान संपला. आडनाव मात्र कोणत्याही कायद्याने काढून घेतले नाही. तेव्हा आडनावावरून कुळाची थोरवी सांगणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे: देशमुख, देशपांडे, कुलकर्णी ही मुळात नोकरीची नावे आहेत.