साचा तोच, माप आपले

ग्राहक क्रमांक बिलावर असतो, पावतीवर असतो, खातेवहीतही असतो. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स 365 या व्यवसाय-सॉफ्टवेअरमध्ये अशा माहितीचा साचा एकदाच ठरवतात: लेबल काय, अक्षरे जास्तीत जास्त किती. यालाच 'एक्स्टेंडेड डेटा टाइप' म्हणतात. मग तोच साचा अनेक तक्त्यांत वापरला जातो.

समजा, साच्यात 20 अक्षरे मावतात आणि कंपनीला 30 हवीत. पूर्वी प्रोग्रामर मूळ कोडवरच आपला थर चढवत. नवी आवृत्ती आली की दोन्हींचा मेळ हाताने घालावा लागे. 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टने ही वाट बंद केली.

आता वेगळ्या फाइलीत 'एक्स्टेंशन' करायचे आणि त्यात एवढेच नोंदवायचे: लांबी 30. मूळ साच्याला हात लागत नाही. डेटाबेस जुळवून घेतला की त्या साच्याचे सगळे रकाने रुंदावतात. लांबी वाढवता येते, मूळ मापापेक्षा कमी करता येत नाही. एक साचा दुसऱ्यावर बेतलेला असेल, तर लांबीसाठीचे एक्स्टेंशन त्या दुसऱ्या, पायाभूत साच्याचे करावे लागते.

दुसऱ्याने घातलेला पाया न उकरता वर मजला चढवण्याची ही शिस्त प्रत्येक प्रोग्रामरने अंगी बाणवावी अशीच आहे.