संक्रांतीचा बाजार

पौष महिना आहे. सकाळची थंडी अजून गेलेली नाही. पण गावोगावची माणसे तालुक्याच्या बाजाराला निघाली आहेत. कुणाच्या डोक्यावर पाटी आहे, कुणाच्या हातात रिकामी पिशवी आहे. भोगी चार दिवसांवर आली आहे ना!

भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी हवी. तिच्याबरोबर मिसळीची भाजी हवी. त्या भाजीत काय काय पडते? वांगी, गाजर, पावटा, घेवडा, ओला हरभरा, बोरे आणि वर तिळाचे कूट. यातले बहुतेक सारे आपल्याच शिवारात पिकते. थंडीत जे रानात येते, तेच भोगीला ताटात येते.

म्हणून संक्रांतीचा बाजार हा खरा शेतकऱ्याचा बाजार. पण त्या बाजारात शेतकऱ्याच्या हाती काय उरते? ते आज पाहू.

थंडीत भाजी स्वस्त का?

पावसाळ्यानंतर विहिरींना पाणी असते. ऊन कडक नसते. मेथी, पालक, कोथिंबीर या हवेत जोमाने वाढतात. मेथी तर महिनाभरात काढणीला येते. सगळ्यांनी एका वेळी पेरली, की ती सगळ्यांची एका वेळी निघते. मग बाजारात ढीग पडतात.

ज्वारी कणगीत ठेवता येते. भाव आला की विकता येते. मेथीचे तसे नाही. ती आज विकली नाही तर उद्या पिवळी पडते. शेतकऱ्याला थांबता येत नाही आणि घेणाऱ्याला हे ठाऊक असते. म्हणून दिवस मावळायला लागला की भाव पडतो.

बाजारात असे बोलणे रोज ऐकू येते:

“काय गं, मेथी कशी दिली?”

“दहाला जुडी, मावशी.”

“दहाला दोन दे. संध्याकाळ झाली. घरी नेऊन काय करशील?”

“मावशी, पहाटे चारला उठून खुडली. गार पाण्यात हात बधिर झाले. जुडीमागे दोन रुपये तर बी-खत-पाण्यालाच जातात.”

मावशी मनाने वाईट नाहीत. त्यांनाही घर चालवायचे आहे. पण त्याच मावशी दुकानात बिस्किटाचा पुडा घेतात, तेव्हा छापलेला भाव मुकाट्याने देतात. तिथे “दहाला दोन दे” असे म्हणत नाहीत. मग पिकवणाऱ्याशीच एवढी घासाघीस का?

थोडा हिशोब करू

समजा, एका शेतकऱ्याने मेथीच्या १०० जुड्या व्यापाऱ्याला दिल्या. भाव ४ रुपये मिळाला. झाले ४०० रुपये. त्यातून गाडीभाडे ८० आणि हमाली-तोलाई २० गेली. हातात राहिले ३०० रुपये.

आता समजा, तोच माल त्याने स्वतः बाजारात बसून विकला. ८ रुपये भावाने ७० जुड्या गेल्या. झाले ५६० रुपये. गाडीभाडे आणि जागेची पावती मिळून १०० रुपये गेले. हातात राहिले ४६० रुपये. उरलेल्या ३० जुड्या गुरांपुढे पडल्या.

म्हणजे १६० रुपये जास्त मिळाले. पण त्याचा पुरा दिवस बाजारात गेला. रानातले काम तसेच राहिले. हेही हिशोबात धरले पाहिजे. म्हणून चार घरांनी मिळून माल आणावा. आज एकाने बाजारात बसावे, पुढच्या बाजाराला दुसऱ्याने. भाडे वाटले जाते आणि प्रत्येकाचा दिवसही मोडत नाही.

कायदा काय सांगतो?

बाजार समित्यांचा कायदा महाराष्ट्रात १९६३ साली झाला. माल उघड लिलावाने विकला जावा, वजन खरे व्हावे, हा त्याचा हेतू. २०१६ साली त्यात बदल झाला. फळे आणि भाज्या बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक मिळाली. शहरांतही शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरतात.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट ठरली. फळे व भाज्या यांची अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही; ती माल घेणाऱ्याने द्यायची. म्हणून भाजी विकल्यावर अडत्याकडून हिशोबपट्टी मागून घ्या. ती तशीच खिशात घालू नका. वाचा. वजन किती लिहिले? भाव किती? काय काय कापले? कापलेल्यात ‘अडत’ हा शब्द दिसला तर तिथेच विचारा. ज्याला वाचता येत नाही, तो अंगठा उठवून घरी जातो. आता तुम्हांला वाचता येते.

आपण काय करावे?

तुम्ही बाजारात विकायला बसत असाल, तर पाटीवर खडूने भाव लिहा. चांगला माल आणि मऊ पडलेला माल वेगळा ठेवा. वरती ताजा आणि खाली शिळा, असे करू नका. फसलेले गिऱ्हाईक परत येत नाही. काट्यावर सरकारी शिक्का आहे ना, तेही पाहा.

तुम्ही घ्यायला जात असाल, तर आधी बाजाराला एक फेरी मारा. माल कुणाच्या रानातला आहे ते विचारा. हंगामाचे घ्या. हुरडा, हरभऱ्याचा डहाळा, तुरीच्या ओल्या शेंगा यांचे दिवस थोडे असतात. ही भाजी जवळून येते, म्हणून ताजी असते आणि सध्या स्वस्तही असते. भाव जरूर विचारा, पण पिकवणाऱ्याचा खर्चही निघणार नाही इतका पाडू नका.

आपल्याच गावच्या माणसाला दिलेले दहा रुपये कुठे जातात? तो त्यातून आपल्या गावच्या दुकानातून गूळ घेतो. आपल्या गावच्या शिंप्याकडून पोराचा सदरा शिवून घेतो. पैसा गावात फिरत राहतो. आज तुम्ही घेणारे आहात. उद्या तुमची वांगी निघतील, तेव्हा पाटी घेऊन तुम्हीच त्या रांगेत बसाल.

संक्रांतीला आपण तिळगूळ देतो आणि गोड बोला म्हणतो. यंदा त्याची सुरुवात बाजारातच करा. भाजीवालीशी गोड बोला आणि तिला रास्त भाव द्या.