आधी तार, मग मशीन

बॉक्सच्या पाठीवर ‘८ ओहम’ लिहिलेलं असतं, ते फार मनावर घ्यायचं नाही. लग्नं, सामने, गणपती, नाटकं यांच्या दोन-तीन हंगामांत आतला स्पीकर एकदा तरी जळतो. मग कधी कॉइल नव्याने बांधली जाते, कधी हाताशी असेल तो दुसराच स्पीकर बसतो. स्टिकर मात्र जुनंच राहतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशाजवळच्या एका गावात दिवसा कबड्डीचे सामने आणि रात्री नाचगाण्याचा कार्यक्रम होता, त्याचं साउंड आलापल्लीहून आलं होतं. टेम्पोतून बॉक्स उतरले, ताडपत्री अंथरली गेली, पोरांनी ‘भाऊ, गाणं लावा ना’ म्हणून कलकलाट सुरू केला. साउंडवाल्या भाऊंनी त्यांच्याकडे न बघता शर्टाच्या खिशातून पिवळं मल्टीमीटर काढलं.

तीन बेस बॉक्स होते. मीटरच्या दोन सुया पहिल्याच्या टर्मिनलवर टेकवल्या तर आकडा आला ६.२. दुसऱ्यावर ६.४. तिसऱ्यावर ३.३. तिन्हींवर स्टिकर एकच.

मीटर दाखवतं तो कॉइलच्या तारेचा निव्वळ रोध. ८ ओहमच्या स्पीकरचा तो साधारण सहा-साडेसहा येतो, ४ ओहमच्या स्पीकरचा तीन-साडेतीन. म्हणजे तिसरा बॉक्स सरळसरळ ४ ओहमचा होता आणि कपडे मात्र आठचे घालून आला होता. भाऊंना त्याचं काही नवल वाटलं नाही. “स्टिकर काय, कोनीबी चिकटवते,” एवढं म्हणून त्यांनी खडूने त्या बॉक्सवर मोठा ४ काढला.

पुढचं गणित त्यांनी तोंडीच केलं. हे तिन्ही बॉक्स एकामागून एक लूप करून एकाच चॅनलवर टाकले असते, आणि बहुतेक ठिकाणी तसंच टाकतात, तर दोन आठचे मिळून चार, त्यात हा चार, असे मिळून २ ओहम झाले असते. त्यांच्या मशीनच्या पाठीवर एका चॅनलला कमीत कमी ४ ओहम असं छापलेलं. (अ‍ॅम्प्लिफायरला इकडे सगळे मशीनच म्हणतात, मीही तेच म्हणतो.) त्यांनी दोन आठवाले एका चॅनलवर घेतले आणि चारवाला एकटा दुसऱ्यावर. दोन्हीकडे चार-चार झाले. पण एकट्याला पूर्ण चॅनलची ताकद मिळणार आणि जोडीतल्या प्रत्येकाला अर्धी, म्हणून एकट्याच्या चॅनलचं बटण थोडं मागे घेतलं.

मशीनला कमी ओहमची एवढी धास्ती का, हे आकड्यांत पाहिलं की लगेच उमगतं. ८ ओहमच्या बॉक्सला १०० वॅट द्यायचे तर मशीनला साधारण २८ व्होल्ट आणि साडेतीन अँपिअर पुरवावे लागतात. बटण तिथेच ठेवून बॉक्स २ ओहमचा केला तर व्होल्ट तेवढेच राहतात, करंट मात्र १४ अँपिअर मागितला जातो. कागदावर ४०० वॅट झाले म्हणून ऑर्केस्ट्रावाला खूश होतो, आणि तिथेच घात होतो. समजा मशीनच्या आत ६० व्होल्टचा सप्लाय आहे आणि एखाद्या क्षणी बाहेर १० व्होल्टच जात आहेत. उरलेले ५० व्होल्ट आउटपुट ट्रान्झिस्टरला अंगावर घ्यावे लागतात. ४ ओहमला त्या क्षणी अडीच अँपिअर वाहतात, म्हणजे ट्रान्झिस्टरमध्ये १२५ वॅटची उष्णता. २ ओहमला तीच २५० वॅट. इकडच्या दुरुस्तीच्या दुकानांत सर्रास मिळणारा ‘टोशिबा ५२००’ म्हणजे २एससी५२००, त्याची मर्यादा १५० वॅट, तीही तो २५ अंशांवर थंड ठेवता आला तर. मार्च-एप्रिलच्या दुपारी इथे सावलीतसुद्धा २५ अंश कुठून आणणार? म्हणून मोठ्या मशीनमध्ये अशा ट्रान्झिस्टरच्या जोड्या ओळीने लावलेल्या असतात. ओळीतला एक गेला की बाकीचेही त्याच्या मागोमाग जातात. बाजारात नकली ५२०० इतके आहेत की दुकानदार स्वतःच ‘ओरिजनल देऊ की साधा?’ असं विचारतो.

आणि हे झालं स्पीकरचे ओहम एका जागी ठरलेले आहेत असं धरून. ते ठरलेले नसतातच. बेसच्या स्पीकरचा रोध त्याच्या नैसर्गिक कंपनाजवळ, म्हणजे चाळीस-पन्नास हर्ट्झच्या आसपास, कधी कधी तीस-चाळीस ओहमपर्यंत चढतो आणि थोडं वर गेलं की धाडकन खाली येतो. मध्ये क्रॉसओव्हरची कॉइल आणि कंडेन्सर आले की करंट आणि व्होल्ट यांची वेळ चुकते. व्होल्ट उतरायला लागलेले असतात तेव्हा करंट चढत असतो, आणि वर सांगितलेली ५० व्होल्टची कसरत ट्रान्झिस्टरला नेमकी त्याच वेळी करावी लागते. फिनलंडच्या मत्ती ओताला यांनी १९८० च्या दशकात बाजारातले तयार स्पीकर घेऊन हेच मोजलं. ८ ओहमच्या साध्या रोधाला लागेल त्याच्या सहा पटींहून अधिक करंट काही स्पीकर क्षणभरासाठी मागतात, असं त्यांना दिसलं. त्याच दशकात अमेरिकेत ‘अ‍ॅपोजी सिंटिला’ नावाचा रिबनचा स्पीकर निघाला, चक्क १ ओहमचा. तो पेलणारी मशीन मोजकीच होती. डॅन डी’अगोस्टिनो यांच्या ‘क्रेल’ कंपनीचं नाव त्यातून झालं. शौकिनांच्या दिवाणखान्यातला हा प्रकार. तिथे आवाज नीट आला नाही तर मशीन बदलतात. हेमलकशात बदलायला दुसरं मशीन नसतं. आलापल्ली साठ-पासष्ट किलोमीटर मागे राहिलेली, चंद्रपूर त्याच्याही पुढे शंभरावर किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा रस्ताच बंद. म्हणून इथला साउंडवाला मशीन जपतो, आणि स्पीकर, तार, जोडणी यांच्याशी काय खटपट करायची ती करतो.

मीटर झाल्यावर भाऊंनी टॉर्चमधला दीड व्होल्टचा सेल काढला. वायरची दोन टोकं सेलला क्षणभर टेकवायची आणि बॉक्सच्या जाळीतून आत बघायचं. कोन बाहेर सरकला तर प्लस-मायनस बरोबर. पहिल्या बॉक्सचा कोन बाहेर आला, दुसऱ्याचा आत गेला. हा दोष कानाला दोष म्हणून कळत नाही, बेस पातळ वाटतो एवढंच. एक कोन हवा ढकलत असताना दुसरा ती ओढून घेतो, बेस एकमेकांतच मरतो. मग मालक म्हणतो आवाज कमी आहे, साउंडवाला आणखी एक बॉक्स जोडतो, लोड आणखी खाली येतो, आणि शेवटी खापर फुटतं ते मशीनवर. भाऊंनी दोन वायरी अदलाबदल केल्या आणि सेल परत टॉर्चमध्ये घातला. एवढ्या कामाने जो बेस वाढला तो दुप्पट वॅटच्या मशीननेही वाढला नसता.

भोंग्यांची गोष्ट निराळी. मैदानाच्या चार कोपऱ्यांना चार भोंगे बांधायचे होते, समालोचनासाठी. सगळ्यात लांबचा भोंगा टेबलापासून शंभरेक मीटरवर. भोंग्याचं युनिट १६ ओहमचं, चार समांतर जोडले की ४ ओहम. भोंग्यांच्या मशीनला ४ ओहमचा टॅप आहेच, मग अडचण कसली, असं कुणालाही वाटेल. अडचण तारेत आहे. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण १८ ओहम. शंभर मीटर जाणं आणि शंभर मीटर येणं मिळून ३.६ ओहम. म्हणजे भोंगे चार ओहमचे आणि जवळजवळ तेवढीच तार. मशीन देईल त्यातला निम्म्याच्या आसपास वॅट झाडाझाडांवरून गेलेली तार गरम करण्यात संपणार.

“भाऊ, हे शेतातल्या पाइपासारखं आहे,” साउंडवाले भाऊ म्हणाले. “पाइप बारीक असन तर पानी जास्त सोडून काय उपेग? प्रेशर वाढवा लागते.”

प्रेशर म्हणजे व्होल्ट. प्रत्येक भोंग्यापाशी मुठीएवढा मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लावायचा, त्याचा ३० वॅटचा टॅप घ्यायचा आणि मशीनच्या मागची वायर ‘१०० व्होल्ट’ लिहिलेल्या टर्मिनलवर टाकायची. आता चार भोंगे मिळून १२० वॅट, आणि १०० व्होल्टला १२० वॅट म्हणजे मशीनला दिसणारा लोड ८३ ओहम. तार तीच, ३.६ ओहमची, पण ८३ पुढे ती किस झाड की पत्ती. शिवाय हिशेब सोपा होतो. ओहमच्या भागाकारात शिरायचं नाही, भोंग्यांचे वॅट बेरजेने मोजायचे आणि बेरीज मशीनच्या वॅटखाली ठेवायची. सामन्याच्या मध्येच सरपंच म्हणाले, शाळेकडे आणखी एक भोंगा लावा, तर ३० अधिक करून मोकळं. ही पद्धत फार जुनी आहे, रेल्वे फलाटांवर आणि कारखान्यांत तीच चालते. आजच्या डीजेवाल्या पोरांना ती मागासलेली वाटते. मला वाटतं, लांब तार आणि अशक्त वीज असलेल्या मुलखासाठी हिच्याहून शहाणी जोडणी अजून निघालेली नाही.

भोंग्याची आणखी एक बाजू वॅटवर भाळणाऱ्यांना पटत नाही. घरातला चांगला बॉक्स १ वॅटला एक मीटरवर ८५ ते ८८ डेसिबल देतो. भोंगा १०५ च्या वर. वीस डेसिबलचा फरक म्हणजे शंभर पट वॅट. बोलण्याच्या पट्टीत भोंगा १ वॅटमध्ये करतो ते करायला बॉक्सला १०० वॅट लागतात. म्हणूनच गावात वीज पोचलेली नव्हती तेव्हाही गाडीच्या बॅटरीवर चालणारं मशीन आणि दोन भोंगे एवढ्यात सभा होऊन जायची. बेस भोंग्यातून येत नाही, हे खरं. पण ‘रेडर चंद्रपूरचा’ हे ऐकायला बेस लागतो कुठे?

भाऊ हे शिकले वडशाकडे. जिल्ह्याच्या उत्तरेला झाडीपट्टी रंगभूमीचं राज्य आहे. दिवाळीनंतर तिकडे रात्रभर नाटकं चालतात, आणि याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ऐन हंगामात तिथे एका रात्री कितीतरी प्रयोग लागतात आणि प्रत्येकाला साउंड लागतं. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला खलनायकाचा शब्द न शब्द कळला नाही तर प्रेक्षक ओरडतात, त्यामुळे तिथे तयार झालेला माणूस आधी बोलणं साफ करतो, मग गाणं, आणि बेस सगळ्यात शेवटी.

संध्याकाळी जनरेटर सुरू झाला. ५ केव्हीएचा, भाड्याचा. बेसचा प्रत्येक ठोका पडला की मंडपातले बल्ब मंद व्हायचे. भाऊंनी मीटर विजेच्या सॉकेटला लावलं, १९० व्होल्ट. २३० च्या जागी १९० आले की साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या मशीनचा आतला सप्लायही त्याच प्रमाणात उतरतो, आणि वॅट वर्गाने उतरतात. मशीनची जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद गेलेली. बटण मात्र तिथेच, म्हणून ‘क्लिप’चा लाल दिवा लुकलुकायला लागला, आवाज फाटायला लागला. अशा वेळी पोरं बटण पुढे सारतात. भाऊंनी मागे घेतलं आणि मिक्सरवर खालचे तीस-पस्तीस हर्ट्झ कापून टाकले. ते कुणाला ऐकूही येत नव्हते, नुसते करंट खात होते. दिवा विझला. नाचणाऱ्यांना काही कमी झाल्याचं जाणवलंही नाही. पुढच्या तासाभरात कॉइल तापली तेव्हा आवाज आपसूक आणखी थोडा बसला. तांबं शंभर अंशांनी तापलं की त्याचा रोध चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि बॉक्स वॅट कमी घेतो. मशीनला तेवढाच विसावा.

मशीनच्या मागे ‘ब्रिज’ लिहिलेला एक खटका होता, त्यावर चिकटपट्टी मारलेली. दोन चॅनल एकत्र करून एका बॉक्सवर सोडायचा तो खटका. ब्रिजमध्ये ४ ओहमचा बॉक्स प्रत्येक चॅनलला २ ओहमसारखा दिसतो. मंडळातल्या एका उत्साही मुलाने मागच्या कुठल्यातरी कार्यक्रमात तो दाबला होता म्हणे. पट्टी तेव्हापासूनची.

हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना आहे, शाळा आहे, बिबट्यांपासून सापांपर्यंत प्राण्यांचं अनाथालय आहे. बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ ला प्रकल्प सुरू केला तेव्हा इथे वीजसुद्धा नव्हती. कायद्याने दवाखाना आणि शाळेभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. आमचं मैदान त्याहून बरंच लांब होतं, तरी भाऊंनी दोन भोंग्यांची तोंडं उलट्या बाजूला, नदीकडे वळवली होती. दहाला पाच कमी असताना त्यांनी स्वतःच गाणं उतरवत आणलं. तोवर ढोल निघालेच होते. रेला नाच सुरू झाला, त्याला ना ओहम लागतात ना जनरेटर.

वायर गुंडाळताना मी नव्या मशीनचं विचारलं. २ ओहमवर चालणारी, वजनाला हलकी क्लास-डी मशीन आता नागपूरला सहज मिळतात आणि मंडळांची पोरं तीच मागतात. भाऊंनी किंमत काढून ठेवली होती. पण २ ओहमवर २००० वॅट काढायचे म्हणजे बॉक्सकडे जाणाऱ्या वायरीतून तीस अँपिअर पाठवायचे, आणि भिंतीतून किंवा जनरेटरमधून तेवढी वीज आधी यायला हवी. ५ केव्हीएच्या डब्यावर ते मशीन काय करणार, हा त्यांचा प्रश्न होता. यंदा त्यांनी मशीन पुढे ढकललं. चंद्रपूरहून माल आणणाऱ्या गाडीवाल्याला त्यांनी चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचं बंडल सांगितलं, आणि एकट्या बॉक्ससाठी ८ ओहमची कॉइल.