फेकून दिलेल्या उष्णतेचा हिशेब

हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करायचे ठरले, की आपल्या विद्यापीठांत ५ जूनला रोपे लागतात, मान्यवरांचा हातात झारी घेतलेला फोटो छापून येतो आणि दिव्याच्या बटणाशेजारी ‘काम झाल्यावर बंद करा’ अशी पट्टी चिकटते. रोपांना विरोध कोण करील? पण ऊर्जेचा मोठा खर्च त्या बटणापाशी होत नाही. तो पाहायचा तर इमारतीच्या मागच्या बाजूला किंवा गच्चीवर जावे लागते, जिथे एसीची यंत्रे गरम हवा ओकत असतात.

एसी थंडावा निर्माण करत नाही. खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, एवढेच. मोठ्या संकुलात हे काम चिलर करतो. थंड पाणी नळांतून इमारतभर फिरते, उष्णता घेऊन परतते आणि ती उष्णता कूलिंग टॉवरमधून पाण्याच्या वाफेबरोबर आकाशात जाते. त्याच वेळी शेजारच्या इमारतीसाठी कुठेतरी इंधन जाळून पाणी तापवले जात असते.

कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात नेमके हेच चालले होते. १९८७ पासून नैसर्गिक वायूवर चालणारे एक केंद्र तिथे वीज, वाफ आणि थंड पाणी पुरवत होते. त्या काळाच्या मानाने ते चांगलेच कार्यक्षम होते, तरी विद्यापीठाच्या उत्सर्जनाचा बहुतांश भाग याच एका केंद्राचा. ते बदलायची वेळ आली तेव्हा अभियंत्यांनी तासातासाचा हिशेब मांडला, आणि खरी गंमत इथे आहे. महिन्याचे आकडे पाहिले तर उन्हाळ्यात थंडावा आणि हिवाळ्यात ऊब लागते, असे सरळ चित्र दिसते. तासांच्या आकड्यांत मात्र दोन्ही मागण्या एकमेकींवर चढलेल्या दिसल्या. प्रयोगशाळांना आणि सर्व्हरना हिवाळ्यातही थंडावा हवा; वसतिगृहांना ऐन उन्हाळ्यातही आंघोळीला गरम पाणी हवे. उष्णतेची बरीचशी गरज फेकल्या जाणाऱ्या उष्णतेतूनच भागू शकत होती.

२०१५ मध्ये नवे केंद्र सुरू झाले. त्यातले चिलर एका बाजूने पाणी गार करतात आणि तिथून काढलेली उष्णता दुसऱ्या बाजूच्या पाण्यात सोडतात. जास्तीचे गरम आणि गार पाणी प्रचंड टाक्यांत साठते. हवामानाचा अंदाज आणि विजेचे दर पाहून कोणते यंत्र कधी चालवायचे, हे संगणक ठरवतो. खरी कसोटी मात्र जमिनीखाली लागली. वाफेच्या जुन्या नळांच्या जागी सुमारे ३५ किलोमीटर गरम पाण्याचे नळ टाकावे लागले आणि दीडशेहून अधिक इमारतींची जोडणी बदलावी लागली. वर्ग चालू ठेवून रस्ते खणायचे म्हणजे काय, हे पुणेकरांना सांगायला नको. सौरऊर्जेची खरेदी धरून उत्सर्जन सुमारे दोन तृतीयांशाने घटले. टॉवरमधून उडून जाणारे पाणीही वाचले, आणि तेव्हा कॅलिफोर्नियात दुष्काळ होता.

खर्च मात्र ४८ कोटी डॉलरांच्या घरात. तेवढा पैसा आपल्या कुठल्या विद्यापीठाकडे असणार? शिवाय आपल्याला इमारती उबदार ठेवायच्या नसतात. आपली उष्णतेची गरज मुख्यतः दोन ठिकाणी असते, मेसच्या स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात.

न्हाणीघराचेच गणित करू. १५ लिटरची एक बादली २० अंशांवरून ५० अंशांपर्यंत तापवायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. आपल्या ग्रिडमध्ये कोळशाचा वाटा मोठा असल्याने युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे आंघोळीची एक बादली साडेतीनशे ग्रॅमची. पाचशे मुलांच्या वसतिगृहात गिझरवर हा आकडा सकाळी नऊच्या आत पावणेदोनशे किलोवर जातो. त्याच आवारात सर्व्हर रूमचा एसी रात्रभर उष्णता बाहेर टाकत असतो.

दोन इमारती जवळ असतील तर ती उष्णता नळाने आणता येते. दूर असतील तर वसतिगृहापुरता उष्णता पंप पुरतो. तो बाहेरच्या हवेतली उष्णता पाण्यात ढकलतो आणि एका युनिट विजेत तीनएक युनिटांची उष्णता देतो. गच्चीवरचा सौर बंब उत्तमच, पण जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन पडत नाही आणि सगळे गिझर पुन्हा सुरू होतात. पंपाची अडचण याच्या उलट आहे. त्याला कोरड्या, कडाक्याच्या थंडीत जास्त वीज लागते. पावसाळ्यातली उबदार, दमट हवा त्याला चांगलीच मानवते.