अंटार्क्टिकाची वाट गोव्यातून, नजर मारतहळ्ळीतून

बेंगळुरूतल्या मारतहळ्ळीच्या पुलाखाली संध्याकाळी गाड्या तुंबतात, त्या वेळी तिथून जवळच एका बंद खोलीत अंटार्क्टिकापेक्षा कडक थंडी असू शकते. उपग्रहांची जुळणी आणि चाचणी करणारं इस्रोचं ‘आयसाइट’ केंद्र मारतहळ्ळीतच आहे. जोडून झालेला उपग्रह तिथे एका प्रचंड कक्षात ठेवतात, आतली हवा काढून घेतात आणि भिंती द्रव नायट्रोजनने गार करतात. हा द्रव उणे १९६ अंशांना उकळतो. अंटार्क्टिकावरच्या व्होस्तोक तळाने २१ जुलै १९८३ रोजी नोंदवलेला नीचांक उणे ८९.२ अंश आहे.

हा खंड माणसाला दिसला १८२० च्या जानेवारीत. रशियाचा बेलिंग्सहाउझेन आणि ब्रिटनचा ब्रान्सफील्ड यांच्यातला फरक जेमतेम काही दिवसांचा. १९११ च्या डिसेंबरात आमुंडसेन ध्रुवावर पोचला. हे शाळेच्या पुस्तकात असतं. आपला भाग मात्र तिथे एका ओळीत उरकतात. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण ६ डिसेंबर १९८१ रोजी ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेच्या जहाजाने गोव्याहून निघाले आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरले.

तिसऱ्या मोहिमेत, १९८३-८४ साली, भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासोबत अदिती पंत होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेलेल्या पहिल्या स्त्रिया याच दोघी. नागपूरला जन्मलेल्या अदितीताई औंधच्या पंत घराण्यातल्या, मुत्सद्दी अप्पासाहेब पंतांच्या कन्या. पुणे विद्यापीठातून पदवी घेऊन पुढे हवाई आणि लंडनला शिकल्या आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाल्या. त्यांचा विषय समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती. उन्हाळ्यात बर्फ मागे सरकला की याच वनस्पती फोफावतात; त्यांच्यावर क्रिल नावाचे कोळंबीसारखे जीव जगतात आणि क्रिलवर देवमासे, पेंग्विन, सील. दक्षिण महासागरातला सगळा संसार साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या या हिरवळीवर उभा आहे. तिचा अभ्यास करणाऱ्या बाईंचं नाव मराठी घरांत किती मुलींना ठाऊक आहे? मला हे फार लागतं.

त्याच तिसऱ्या मोहिमेने ‘दक्षिण गंगोत्री’ हा भारताचा पहिला तळ उभारला आणि मागे राहिलेल्या १२ जणांनी तिथे हिवाळा काढला. पण तळ होता हिमफलकावर, म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या थरावर. वाऱ्याबरोबर येणारा बर्फ त्याच्याभोवती साचत गेला, इमारत गाडली गेली आणि १९९० मध्ये तळ बंद करावा लागला. तोवर शिर्माकर टेकड्यांतल्या खडकावर ‘मैत्री’ हा दुसरा तळ उभा राहिला होता. तिसरा तळ ‘भारती’ २०१२ मध्ये लार्समन टेकड्यांवर सुरू झाला. त्याची इमारत १३४ मालवाहू कंटेनर जोडून बांधली आहे.

मारतहळ्ळीचा धागा इथे जुळतो. पृथ्वीची छायाचित्रं घेणारे आपले उपग्रह ध्रुवांजवळून जाणाऱ्या कक्षेत फिरतात आणि दिवसाला साधारण चौदा फेऱ्या मारतात. हैदराबादजवळच्या शादनगरच्या अँटेनाला त्यांतल्या मोजक्याच फेऱ्या दिसतात. ध्रुवाजवळच्या तळाला बहुतेक. म्हणून २०१३ मध्ये इस्रोने ‘भारती’वर भूकेंद्र उभारलं. कार्टोसॅट, रिसोर्ससॅट यांसारखे उपग्रह बेंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्राने घडवले; मारतहळ्ळीचं ‘आयसाइट’ याच केंद्राचा भाग. त्यांनी टिपलेली माहिती बर्फावर उतरते आणि तिथून शादनगरला येते. खंडाचा शोध संपलेला नाही. तो पायांनी चालतो तसाच आता या उपग्रहांनीही चालतो.

मारतहळ्ळी, व्हाइटफील्ड, बेळंदूर इथे कामाला आलेल्या मराठी मुलामुलींना एवढंच सांगावंसं वाटतं. गोव्यातल्या वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या मोहिमांसाठी माणसं मागवतं, आणि तिथे फक्त शास्त्रज्ञ लागत नाहीत. डॉक्टर, मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, स्वयंपाकीही लागतात. जाहिरातीवर लक्ष ठेवा आणि अर्ज करा.